भैरवी संपल्यावर

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्या वडिलांना, अप्पांना, पूर्ण भूल देणार नव्हते, कमरेखालचा भाग फक्त बधिर करणार होते. डॉ. नरसिंहमूर्ती म्हणाले, "आवडती गाणी हेडफोनवर लावू, भीती कमी होते." ऑपरेशन दीड तासाचं, म्हणून मी मोजून दीड तासाची गाणी माझ्या मोबाइलवर भरली आणि मैफलीच्या रीतीने शेवटी भैरवी ठेवली. "भैरवी झाली की ऑपरेशन संपलं समजा," असं अप्पांना सांगून मोबाइल आत दिला. तीच गाणी त्याच मिनिटाला नवऱ्याच्या मोबाइलवर लावून मी बाहेर बसले.

भैरवी आली. संपलीसुद्धा. दारावरचा लाल दिवा मात्र तसाच.

नजरबाद भागातल्या आमच्या घरी चाळीस वर्षं मैफली भरवलेला माणूस तो! भैरवीनंतर मैफल उरत नाही, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. आता त्या शांततेत त्यांना एकच वाटणार, काहीतरी बिघडलंय. कुठून सुचली मला ही रीत!

तेवढ्यात दार उघडलं आणि पावनी सिस्टर धावतच माझ्याकडे आली.

"मॅडम, अजून अर्धा तास लागेल. तुमचा मोबाइल लॉक झालाय, पिन सांगा लवकर!"

"अप्पा घाबरलेत का?" मी कसंबसं विचारलं.

"घाबरलेत कुठले! गाणं संपल्यापासून टेबलावर पडल्या पडल्या ओरडतायत...

'वन्स मोअर!'"