बदामाची दश्शी

गौसनं बदामाची दश्शी टाकली आणि नेमगोंडानं वाकून ती दोनदा बघितली.

त्यानं नुसता एक्का खेळला होता. मेंढीकोटात चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीनं चारही मारल्या, तिनं समोरच्यांवर कोट चढवला. आणि गौस नदाफ मेंढी द्यायची वेळ आली तर पान चावून खाईल, अशी उभ्या गंगावेशीत ख्याती. एकदा त्यानं इस्पिकची दश्शी खरंच गिळली म्हणतात. तेव्हापासून त्या कॅटात इस्पिकची दश्शी बिस्किटाच्या पुठ्ठ्याची आहे. ती कुणाच्या हातात आहे ते शेजारच्या दुकानातूनही दिसतं.

पुढच्या हाताला गौसनं बदामाची दुर्री टाकली. म्हणजे दुर्री असताना दश्शी दिली!

"गौस्या, चष्मा घातलायस न्हवं?"

"घातलाय की."

"मग?"

"मग काय? खेळ."

नेमगोंडानं बूड हलवलं. खेळ बसला होता गौसच्या गादीच्या दुकानात, विकायला काढलेल्या नव्या कोऱ्या गादीवर. चौघांनी महिनाभर बसून गादी दबली की गौस ती 'अंगवळणी पडलेली' म्हणून जास्त भावानं विकायचा. आज मात्र नेमगोंडाला तीच गादी टोचत होती. दाराबाहेर त्याच्या लेकाची, जिनेशची, गाडी उभी होती. डिकीत दोन बॅगा आणि टॉवेलात गुंडाळलेला राजमतीचा फोटो. बायको गेल्यापासून बाप एकटा, म्हणून पोरगा त्याला पुण्याला न्यायला आला होता. कायमचा. नेमगोंडा 'बरं' म्हणून गेला होता, आणि ते 'बरं' आता उसाच्या चिपाडासारखं दातात अडकलं होतं. कुणी एकानं नुसतं 'जाऊ नको' म्हटलं असतं, तर तो तिथंच गादीवर आडवा पडला असता. पण आपल्या तोंडानं कसं म्हणायचं? आणि हे लेकाचे तर पानं लावण्यात दंग!

"एकच डाव," जिनेशनं दारातच बजावलं होतं. "आप्पा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. कराडला उजेडात पोचायचंय." त्यात चौथा गडी जोतीराम नेमका आज उगवला नाही. मग पिराजीनं जिनेशलाच दंडाला धरून बापाचा जोडीदार केलं, आणि स्वतः गौसच्या समोर बसला.

जिनेशनं किलवरचा एक्का मारला. पिराजीनं त्यावर किलवरची दश्शी अलगद ठेवली आणि ओठावर बोट फिरवलं. तिथं पूर्वी मिशी होती. दुकानाचे नियम सगळे नेमगोंडानं केलेले, आणि प्रत्येक नियम हरल्यावर केलेला. कोट चढवून उठायचं न्हाय, समोरच्याला फेडू द्यायचा. यापायी एकदा नेमगोंडा गौसची चप्पल मांडीखाली घेऊन बसला, आणि गौस सख्ख्या मेव्हणीच्या लग्नाला पोचला तेव्हा मांडववाले खांब उपटत होते. पानं बघून मिशी चाळवायची न्हाय. यापायी पिराजीनं मिशीच काढून टाकली, आणि त्याच्या म्हशीनं आठवडाभर त्याला धार काढू दिली नाही.

दोन मेंढ्या झाल्या. आता नेमगोंडाच्या डोक्यात उजेड पडला. निरोपाचा आहेर! जाणाऱ्याला टोपी-टॉवेल द्यावा तशा दश्श्या देतायत. एवढी वर्षं एक मेंढी सुखानं मारू दिली नाही, आणि आज ताटात वाढतायत. म्हणजे यांच्या लेखी आपण गेलोच! तो गादीच्या शिवणीतला कापूस उपटायला लागला.

गौसनं चौकटचा राजा टाकला. नेमगोंडानं रागारागानं आपली चौकटची दश्शी त्याच्यावर आपटली. घे तुझा आहेर परत! पण पिराजीमागून जिनेशची पाळी होती, आणि त्याच्याकडं एक्का होता.

"बसला की नाही एक्का!" जिनेश ओरडला. मघापासून घड्याळ बघणारं पोरगं आता बाह्या वर सारून बसलं होतं.

राहिली ती पुठ्ठ्याची. ती गौसच्या हातात सगळ्यांना दिसत होती. जिनेशनं इस्पिकची राणी टाकली. गौसच्या अंगठ्याखाली इस्पिकची सत्ती होती. त्यानं सत्तीला हात लावला, थांबला, आणि पुठ्ठा काढून राणीखाली सरकवला. पिराजीनंही इस्पिकची छक्कीच टाकली.

"कोट!" जिनेश गादीवर उभाच राहिला. "आप्पा, कोट चढवला आपण!"

नेमगोंडानं जन्मात पहिल्यांदा गौसवर कोट चढवला होता, आणि त्याला रडू येत होतं.

"एवढी घाई झाली व्हय रं तुमास्नी, मला घालवायची?" तो गुडघ्यावर हात रेटत उठला. पायानं चपला चाचपल्या. एक सापडली. दुसरी गौसच्या मांडीखाली होती.

तेवढ्यात दारात जोतीराम आला. हातात चार खणांचा डबा.

"तुझ्या शेजारच्या अंबूबाईनं दिलाय. बिनकांद्या-बटाट्याचं हाय. दिवस मावळायच्या आत बापलेक जेवून घ्या."

"काका, आम्ही निघालोय," जिनेश म्हणाला.

"कोट चढवून?" गौसनं पानं गोळा केली. "असं उठता येत न्हाय, बाळा. नियम कुणाचा, ते तुझ्या बापाला इचार."

जिनेशनं बापाकडं बघितलं. बाप कधीच खाली बसला होता. डोळे पुसत पानांची वाट बघत होता.

"मग फेडा लवकर, चाचा," जिनेश हसत म्हणाला.

"फेडतो की," गौस एकेक पान सावकाश पिसत म्हणाला, "पर आता वय झालं, पोरा. चार-पाच वर्सं लागतील."