बापांची परीक्षा

"परीक्षा मुलांची नाही, वडिलांची आहे," डॉक्टर सबनीसांनी जाहीर केलं, आणि दादरच्या हिंदू कॉलनीतल्या त्या बंगल्यात जमलेल्या बापांचे चेहरे पडले.

'कुशाग्र बालमंदिर' जूनमध्ये सुरू व्हायचं होतं. त्यात फक्त असामान्य बुद्धीची मुलं घेतली जाणार होती. डॉक्टर विलायतेत मानसशास्त्र शिकून आले होते, आणि हे त्यांनी आता पुन्हा एकदा सांगितलं.

"मूल घाबरतं, गोंधळतं. त्याला कशाला छळायचं? बुद्धी आनुवंशिक असते. बाप तपासला की मूल कळतं."

"आणि आई?" व्हरांड्यातल्या खिडकीशी उभ्या असलेल्या सुनंदाने विचारलं.

"आईकडून मूल वळण उचलतं, बाई. बुद्धी नव्हे."

"माध्यम कोणतं राहणार?" काळ्या टोपीतल्या एका बापाने विचारलं.

"मुंबई महाराष्ट्राला मिळते की गुजरातला, ते एकदा ठरू द्या. आमची सगळी तयारी आहे." फाटकावरच्या नव्या पाटीवर 'माध्यम' लिहून रंगाऱ्याने पुढची जागा कोरी सोडली होती.

सुनंदाचा नवरा मनमोहन विजयकर प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. सहा वर्षांच्या हेरंबला या शाळेत घालणार, हे त्याने गिरगावात वाडीभर सांगून टाकलं होतं. हेरंब घडाघडा वर्तमानपत्र वाचायचा. तारीख सांगितली की वार सांगायचा. त्याच्याहून मोठी बेबी अजून बेच्या पाढ्यात अडखळत होती. मघाशी डॉक्टरांनी तिला नाव विचारलं. तिने ते सांगितलं, मग त्यांचं विचारलं, आणि हातातला अर्धा पेरू त्यांच्यापुढे धरला.

डॉक्टरांनी पेरू घेतला नाही. "ही मंद आहे," ते तिच्या डोक्यावरून मनमोहनला म्हणाले. "मुलाला प्रवेश मिळाला तर दोघांना एका घरात ठेवू नका. अशा संगतीने बुद्धीला गंज चढतो."

"त्यात काय! हिला अलिबागला मामाकडे ठेवू," मनमोहन म्हणाला होता. लगेच. बायकोकडे न बघता.

चारचौघांत बोललेला शब्द मनमोहनने कधी मागे घेतल्याचं सुनंदाला आठवत नव्हतं. बेबीचे कपडे ती तेव्हापासून मनातल्या मनात ट्रंकेत भरत होती.

बाप मुलांच्या बुटक्या बाकांवर बसले. गुडघे छातीला लागले, दोघांची पोटं अडकली. डॉक्टरांनी भिंतीवर एक तक्ता टांगला. वर ओळीने आकृत्या, शेवटची जागा रिकामी, खाली पाच आकृत्या. त्यातली कोणती त्या जागी बसेल, तिचा फक्त आकडा लिहायचा होता. डॉक्टर घड्याळाकडे बघत उभे राहिले.

मनमोहनने तक्ता पाहिला, पेन्सिल चावली आणि सवयीने खिडकीकडे नजर टाकली.

रविवारी वाडीत मेंढीकोट रंगायचा तेव्हाही तो असाच बघायचा. सुनंदा त्याची भिडू. तिने गालावर किती बोटं टेकली आहेत, त्यावरून कोणता रंग खेळायचा ते त्याला कळे. मग डाव जिंकून तो हरलेल्यांना ऐकवायचा, "डोकं लागतं राव, डोकं!"

सुनंदाने तक्त्याकडे पाहिलं. उत्तर समोर दिसत होतं.

"पाचवी," तिच्याशेजारी गज धरून उभा असलेला हेरंब पुटपुटला.

सुनंदाने गालावर तीन बोटं टेकली.

मनमोहनने झटकन आकडा लिहिला आणि ऐटीत मान वर केली. दुसरा तक्ता लागला.

"पहिली," हेरंब म्हणाला.

तिने चार बोटं टेकली. हेरंबने चमकून वर पाहिलं. तिसरा तक्ता लागला. तक्ता सोडून तो आईच्या गालाकडे बघत राहिला. बेबी पायरीवर बसून मुंग्यांना पेरूच्या बिया वाटत होती.

डॉक्टरांनी कागद तिथल्या तिथे तपासले. शेजाऱ्याचं बघून लिहिणारे सगळे पास झाले. मनमोहनच्या कागदावर लाल पेन्सिल बराच वेळ फिरली.

"एकही बरोबर नाही, विजयकर! अहो, डोळे मिटून आकडे टाकले असते तरी एखादा लागला असता."

इतकं बोलूनही त्यातली मेख डॉक्टरांच्या ध्यानात आली नाही. ते पुढच्या कागदाकडे वळले. "तुमचा मुलगा सर्वसाधारण आहे. पाठांतर असेल चांगलं. घाला त्याला कुठेही."

परळला मोर्चा होता, म्हणून ट्राम बंद होत्या. चौघं पायी निघाली. मनमोहन दोन पावलं पुढे. नाक्यावर आल्यावर तो थांबला.

"जाऊ दे दोघांना वाडीजवळच्या शाळेत. सर्वसाधारण म्हणे!" मग तो सुनंदाकडे वळला. "सगळी उत्तरं तुझी होती. एक, एकसुद्धा बरोबर येऊ नये?"

"नाही जमलं खरं," सुनंदा म्हणाली.

मनमोहनने थोडा विचार केला. हळूहळू त्याचा चेहरा खुलला.

"चला, एक गोष्ट तर कळली. हेरंबचं डोकं माझ्यावर गेलंय."

हेरंबने मान वळवून आईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"पुढे बघ. रस्ता ओलांडायचाय," सुनंदा म्हणाली. "बेबीचा हात धर."