मॅडमची सवय

इचलकरंजीत सकाळची पाळी सुटली की कृष्णात अंगावरचा कापूस झटकत सरकारी कॉलेज गाठायचा. तिथला दुपारचा वर्ग यंत्रमाग कामगारांसाठीच होता. वीस वर्षांच्या खडखडाटात त्याचे कान पार गेले होते. पण कळलं तर नाव काढून टाकतील, या धास्तीनं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्रिशला मॅडमची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. फळ्यावर लिहिताना त्या तोंडातून चकार शब्द काढायच्या नाहीत. लिहून झालं की खडू ठेवायच्या, वर्गाकडं वळायच्या आणि मगच बोलायच्या. निम्मा तास यातच जातो, म्हणून बाकीचे कुरकुरायचे. कृष्णातला मात्र सगळं समजायचं.

बी.ए.चा निकाल घेऊन तो त्यांच्यासमोर उभा राहिला. "मॅडम, तुमच्या त्या सवयीनं मी पास झालो. मला ऐकू येत न्हाय. ओठ बघून कळतंय."

"ठाऊक हाय की," मॅडम त्याच्याकडं तोंड करून म्हणाल्या. "माझ्या बाबांनीबी जन्मभर माग चालवला. आमच्या घरात त्यांच्याकडं पाठ करून कुणी बोलत न्हाय."