चमचाभर विरजण

विश्वजीतच्या वाट्याला माया आली आणि अमृताच्या वाट्याला गरज. चिठ्ठ्या बाईंनीच काढल्या होत्या, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. 'माणसं समाज करून का राहतात?' हा नववीच्या वादविवादाचा विषय. विश्वजीतनं म्हणायचं, मायेपोटी. अमृतानं म्हणायचं, गरजेपोटी.

बाईंच्या अटी दोन होत्या. उदाहरण मोबाइलमधलं नको, आपल्या गल्लीतलं हवं. आणि ज्या माणसाचं उदाहरण देणार, त्याला आधी विचारून यायचं.

विश्वजीत आजवर एकदाही हरला नव्हता. पण अमृताला जिंकायचं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. उद्या पालकांनाही बोलावलं होतं. जूनमध्ये आई दोन दिवस दवाखान्यात होती, बाहेरचं खाणं बाधलं म्हणून. तेव्हापासून तिनं पुंडलिकनगरातल्या या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. अशक्तपणा आहे, असं पप्पा म्हणायचे. घरात औषधाची साधी गोळीसुद्धा दिसत नव्हती, म्हणजे मोठं काही नसणार, असं अमृतानं ठरवून टाकलं होतं. तरी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली आई तिला बघवत नव्हती.

"उद्या येशील ना ऐकायला?" तिनं आज सकाळी विचारलं होतं.

"बघू," आई म्हणाली होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'नको' आलं नव्हतं.

उदाहरणासाठी लांब जावं लागलं नाही. ते रोज संध्याकाळी पाच वाजता आपणहून जिना उतरून यायचं.

वरच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई एकट्या राहायच्या. रोज एक वाटी घेऊन विरजण मागायला यायच्या. वाटी रिकामीच असणार, तरी तिच्यावर ताटली झाकलेली. मागून आणायचं तर एवढा थाट कशाला, असं अमृताला वाटायचं.

"रत्ना, उठ गं माय. विरजण दे."

"मी देते ना आजी," अमृता म्हणायची.

"तुझ्या हातचं दही नाय लागत. तुझ्या आईच्या हातचं लई घट्ट लागतं. तू गिलासभर पाणी आण."

म्हणजे पाणीसुद्धा इथलंच. आई कशीबशी उठायची, केस बांधायची, स्वयंपाकघरात जायची. द्वारकाबाई पाण्याचा ग्लास घेऊन तिच्या मागोमाग जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. मग दोघींचं काहीतरी हळू आवाजात चालायचं. वर जाण्याआधी द्वारकाबाईंचा कोरा चहा व्हायचा, तोही आईनंच केलेला. आजारी बाईला कामाला लावणारी शेजारीण अमृताला मुळीच आवडत नव्हती.

तिनं वहीत लिहिलं, 'दही लावणाऱ्या घरात दुसऱ्या दिवशीचं विरजण आपोआप उरतं. तरी आमच्या शेजारच्या आजी रोज मागायला येतात. माणूस जवळ येतो तो काहीतरी हवं असतं म्हणून. माझ्या वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी मात्र त्या फिरकत नाहीत, कारण त्यांच्यासमोर मागायची लाज वाटते.'

शेवटचं वाक्य तिला फार आवडलं. यावर विश्वजीतला उत्तर सुचणार नव्हतं.

दुपारी वाळूजच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला निघताना पप्पांनी बूट घालता घालता विचारलं, "झालं का भाषण? कोणाचं उदाहरण घेतलंस?"

"द्वारकाआजींचं. रोज विरजण मागतात ते."

पप्पांचा हात नाडीवर थांबला.

"दुसरं कोणाचं नाही का सापडत?"

"का? खोटं आहे का?"

"खोटं नाही. म्हातारं माणूस आहे, वाईट वाटेल."

"म्हणून तर आधी विचारायला जाणार आहे. बाईंनी सांगितलंय."

कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. पप्पा डबा उचलून निघाले.

पाच वाजता द्वारकाबाई आल्या, विरजण घेऊन गेल्या. आई पुन्हा आडवी झाली नाही, कपाटातल्या साड्या चाळत बसली. अमृताला इतका आनंद झाला की वही उघडून तिनं भाषण आणखी एकदा घोकलं. सहाच्या सुमाराला ती वही घेऊन वर गेली.

दार उघडंच होतं.

"आजी?"

"गच्चीवर हाय गं माय, कपडे काढायलेय," वरून आवाज आला. "बस आत. आलेच."

अमृता आत गेली. घर चकचकीत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक मांजर आरामात बसून वाटी चाटत होतं. वाटी द्वारकाबाईंची, रोजची. आतलं विरजण आईच्या हातचं.

अमृताचं डोकंच तापलं. तिनं ओट्यावर बघितलं. दुधाचं भांडं नव्हतं, दह्याचं नव्हतं, दुधाची रिकामी पिशवीही नव्हती. या घरात दही लागतच नव्हतं. मग आईला रोज उठवायचं ते मांजरासाठी? विचारायचं म्हणून आणलेली वही तिनं काखेत घट्ट धरली. आता विचारणार नव्हतीच ती, सरळ जाब मागणार होती.

जिन्यावर पावलं वाजली. ती वळली तेव्हा देवाच्या फळीवर, निरांजनाशेजारी, तिला गोळ्यांचं पाकीट दिसलं. पाकिटावर आईचं पूर्ण नाव होतं. रबरानं एक चिठ्ठी बांधली होती. चौथी शिकलेल्या द्वारकाबाईंना वाचता यावं म्हणून अक्षरं मुद्दाम मोठी काढलेली होती, आणि ती पप्पांची होती.

'द्वारकामावशी, रोज पाच वाजता एकच. वाटीत झाकून न्या, तुमच्यासमोर गिळायला लावा. सुट्टीच्या दिवशी मी नेईन. पाकीट आमच्या घरात ठेवू नका, ते तिच्या हाती लागून जूनसारखं पुन्हा व्हायला नको.'