कॅप्टनचा हेडफोन

"आता!" आर्विडने बोट वर केलं आणि पुढच्याच क्षणी सात हंपबॅक देवमासे तोंडं वासून एकदम पाण्याबाहेर आले. हेरिंग मासे चहूकडे उडाले. डेकवरची माणसं किंचाळली, हे आर्विडला त्यांच्या तोंडांवरून कळलं.

हेडफोन सारखा करून तो पुन्हा गंभीरपणे बसला. देवमाशांची शिकारीची हाक पाण्याखालच्या माइकमधून ऐकू येते. ती चढत जाते, थांबते, आणि सगळे मिळून वर येतात. सगळं पीटर्सबर्ग बंदर म्हणायचं, ती हाक ओळखावी तर आर्विडनेच. खरं म्हणजे या उन्हाळ्यात त्याला धड काहीच ऐकू येत नव्हतं. प्रवाशांना ती हाक ऐकवणारा भोंगाही त्याने काढून टाकला होता, कुणाला आपल्या आधी कळायला नको म्हणून. तो सीगलवर नजर ठेवायचा. पाण्यावर बुडबुड्यांचं कडं उमटलं की सीगल तिकडे झेपावतात, आणि ह्याचं बोट वर. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली की सुकाणू गेलं, आणि मग घरी बसून कॉफी ढोसण्यापलीकडे त्याच्या आयुष्यात काही उरणार नव्हतं.

पण या सोंगाने तो पार थकला होता. ओठ वाचायचे, अंदाजाने हसायचं, अंदाजाने 'हो' म्हणायचं. त्यात लेक रुना. पोरीने खरं तर डेकवर प्रवाशांकडे बघायचं, तर ही दिवसभर त्याच्या कोपराला चिकटलेली. वायरलेसवर हात आधी हिचा. मग त्याच्या तोंडासमोर तोंड आणून, "बाबा, मागून फेरीबोट येतेय! बाबा, बोयावर सी लायन भुंकतायत, लोकांना दाखवा!" जसा काही तो खुळाच. हिला सुकाणू हवंय, असं आर्विडच्या मनाने घेतलं होतं. तेही बाप जिवंत असताना.

पांढरी काठी टेकत एक म्हातारी केबिनच्या दारात आली. मिसेस ओडेल. ती काहीतरी बोलली, आणि रुनाने लगेच त्याच्यासमोर येऊन ते परत सांगितलं. "बाबा, ह्यांना दिसत नाही. ह्या देवमासे ऐकायला आल्यात."

आंधळ्या बाईला नाही कसं म्हणणार? आर्विडने हेडफोन काढून दिला. ती मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिली. सीगल डावीकडे झेपावले.

"आता!"

देवमासे वर आले. डेकवर लोकांनी उड्या मारल्या. मिसेस ओडेलने मात्र हेडफोन कानावरून उतरवला.

"काहीच ऐकू आलं नाही हो. हे बंद आहे."

तिचे ओठ आर्विडने नीट वाचले. किती दिवस तो मेलेलं यंत्र कानाला लावून बसला होता?

रुना वाकली. टेबलाखाली लोंबकळणारी वायरची पिन तिने खोबणीत बसवली आणि हेडफोन पुन्हा म्हातारीच्या कानावर चढवला. मिसेस ओडेलने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"पिन मीच काढली होती," रुना त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "चार जुलैच्या सुट्टीनंतर. म्हटलं, एक दिवस तरी तुम्ही म्हणाल, हे बंद पडलंय. मग तुमच्या कानांचं बोलू."

आर्विडला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त शीण. त्याने सुकाणूवरचा हात काढला.

"घे. हेच हवं होतं ना तुला?"

"सुकाणू नकोय मला, बाबा. उन्हाळाभर तुमच्या शेजारी उभी राहून ओरडतेय. माझा आवाज पार बसलाय. धक्क्यावरचे सगळे विचारतात, काय झालं म्हणून. तुम्हीच तेवढं विचारलं नाहीत."