घराचा मध्यबिंदू

"जगातल्या प्रत्येक आकाराला मध्य असतो, आणि तो सापडला की भांडण मिटतं!" आर्किटेक्ट जावयाने लॅपटॉप उघडत जाहीर केलं.

सासऱ्यांचं घर काटकोनात वळलेलं, आणि त्या कोनाच्या कुशीत शेजाऱ्यांचं अंगण. एका बाजूला थोरला मेहुणा, दुसऱ्या बाजूला धाकटा, आणि वडिलांची खाट आपल्याकडे नको, यावर दोघांचं जन्मात पहिल्यांदा एकमत. म्हणून खाट घराच्या बरोब्बर मध्यावर टाकायचं ठरलं.

जावयाने स्क्रीनवर घराच्या नकाशाची चौकट रेघ ओढून 'मध्यबिंदू काढा' या चौकटीला जोडली. लाल टिंब उमटलं ते थेट भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या अंगणात.

"आता कॉम्प्युटरपुढे आपण काय बोलणार, दाजी?" थोरला लगबगीने म्हणाला.

सासऱ्यांनी उशी काखोटीला मारली.

"जावईबापू, अंगणातला दिवा तेवढा बंद ठेवायला सांगा त्यांना. मला उजेडात झोप येत नाही."