सुपात दिलेला

नगरपालिकेच्या नव्या बागेत पाच वर्षांचा सुपडू दोराच्या शिडीवर सरसर चढला आणि टोकाला जाऊन थिजला.

"माय, माले उतारी ले," तो रडू लागला.

तापीबाई खाली पदर पसरून उभी होती. माळी धावत आला. "तुन्हा पोऱ्या शे का?"

"मन्हा नही. शांतीबाईना शे," ती बाकावर बसलेल्या शेजारणीकडे बोट दाखवत मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

आधीची तीन लेकरं गेली होती. हा झाला तेव्हा मरणाला चकवायला तिनं त्याला सुपात घालून शेजारच्या शांतीबाईच्या ओटीत दिलं होतं. आजही मरणाच्या कानी तेच पडायला हवं होतं.

माळ्यानं सुपडूला खाली उतरवलं. मरण फसलं की नाही, कोण जाणे. सुपडू मात्र तिच्या पसरलेल्या पदराला वळसा घालून बाकावरच्या शांतीबाईकडे गेला.